पहिल्या दिवशी पन्नास पोरं, चौथ्या खेपेला सहा: अ‍ॅबोरिजिनल वस्तीत टेनिस टिकवायचं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात काही वर्षं कोचिंग करून तुम्ही ऑस्ट्रेलियात आलात. आता नॉर्दर्न टेरिटरीत एका प्रादेशिक कौन्सिलच्या क्रीडा विभागात आहात आणि आर्नहेम लँडमधल्या तीन अ‍ॅबोरिजिनल (म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांच्या) वस्त्यांत टेनिस सुरू करायचं काम तुमच्याकडे आलंय. पहिल्या दिवशी पन्नासेक पोरं आली, चौथ्या खेपेला सहा उरली. अ‍ॅश बार्टी या टेनिस चॅम्पियनचे व्हिडिओ दाखवले, टी-शर्ट वाटले, फरक पडला नाही. फूटीपुढे (म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलपुढे) टेनिसचा टिकाव लागतो का, आणि पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात काय मागू, असं तुम्ही विचारलंय.

टिकाव लागतो. पण तुम्ही जो आकडा बघून निराश झालात, त्याला फारसा अर्थ नाही. पहिल्या दिवशीची पन्नास पोरं टेनिससाठी आलेली नसतात. वस्तीत नवी गाडी, नवा माणूस, नवी खेळणी आली की पन्नास येणारच. नव्याचे नऊ दिवस तिथेही असतात. मी अशा कार्यक्रमांकडे बघताना एकच गोष्ट विचारतो: तुम्ही वस्तीत नसता त्या मंगळवारी दुपारी रॅकेटची पेटी कोण उघडतं? वस्तीतलं कुणी उघडत असेल तर सहा पोरंही पुष्कळ झाली. पेटीची किल्ली तुमच्या गाडीत असेल तर पन्नास येऊनही हाती काही लागलेलं नाही, तुमच्या फेऱ्या तेवढ्या झाल्या.

इव्हॉन गुलागाँगची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. विराजुरी या मूलनिवासी समाजाचं कुटुंब, आठ भावंडं, वडील मेंढ्यांची लोकर कातरणारे. न्यू साउथ वेल्समधल्या बॅरेलन या लहानशा गावात ती टेनिस कोर्टाच्या कुंपणातून आत बघत उभी असायची, आणि बिल कर्ट्झमन नावाच्या गावकऱ्याने तिला आत बोलावलं. पुढे 1971 साली एकोणीसाव्या वर्षी तिने फ्रेंच आणि विम्बल्डन दोन्ही जिंकलं, एकेरीची एकूण सात ग्रँड स्लॅम मिळवली, आणि 1980 चं विम्बल्डन तर एका मुलीची आई झाल्यावर. भाषणांत ही गोष्ट कुंपणाशी थांबते. मला महत्त्वाचं वाटतं ते त्याच्या पुढचं. कर्ट्झमन तिथलाच होता, दुसऱ्या दिवशीही तिथेच असणार होता. सिडनीचा टेनिस कोच व्हिक एडवर्ड्स याची माणसं शिबिर घ्यायला गावात आली आणि त्यांनी तिला हेरलं, ते नंतर. सिडनीला जायची वेळ आली तेव्हा कपड्यांसाठी, प्रवासासाठी गावाने पैसे जमवले. म्हणजे क्रम असा होता: आधी गावातला माणूस, मग बाहेरचा कोच, मग गावाचा हातभार. आपण बहुतेक कार्यक्रम उलट्या क्रमाने करतो. कोच विमानातून उतरतो, बॅनर लागतो, फोटो निघतात, आणि गावातला माणूस शोधायचं काम ‘पुढच्या टप्प्यात’ ढकललं जातं. तो टप्पा काही येत नाही.

बार्टीच्या व्हिडिओंचा उपयोग का झाला नाही, तेही यातच आलं. ती न्गारिगो या मूलनिवासी समाजाच्या वंशाची आहे आणि त्याबद्दल मोकळेपणाने बोलते. 2019 चं फ्रेंच, 2021 चं विम्बल्डन, आणि 2022 साली मेलबर्नला ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली तेव्हा करंडक द्यायला खुद्द इव्हॉन. हे सगळं थोरच. पण ती वाढली ब्रिस्बेनजवळच्या इप्सविचला, घरापासून गाडीच्या अंतरावर क्लब, लहानपणी एकच कोच. आर्नहेम लँडमधल्या आठ वर्षांच्या पोराला ती टीव्हीतली बाई आहे. त्याच पोराचा एकोणीस वर्षांचा चुलतभाऊ, जो शनिवारी फूटीत गोल मारतो, तो रॅकेट घेऊन उभा राहिला की मात्र पाच मिनिटांत गर्दी होते. तुम्हाला शोधायचाय तो हा चुलतभाऊ. किंवा त्याची बहीण.

आता फूटीबद्दल. फूटी आड येते असं सगळेच म्हणतात, पण कॅलेंडर उघडून कुणी बघत नाही. दक्षिणेत फूटी हिवाळ्यात असते. तुमच्याकडे टॉप एंडला, म्हणजे टेरिटरीच्या उत्तर टोकाला, ती पावसाळ्यात. टेरिटरीची राजधानी डार्विन, तिथल्या लीगचा मोसम ऑक्टोबर ते मार्च, तिवी बेटांवरची फायनल मार्चमध्ये. म्हणजे मे ते सप्टेंबर, कोरड्या हंगामात, जेव्हा रस्ते खुले असतात आणि दुपारनंतर बाहेर उभं राहवतं, तेव्हा मोठी फूटी बंद असते. ही फट टेनिससाठीच मोकळी ठेवल्यासारखी आहे. शाळेची दुसरी आणि तिसरी टर्मही याच काळात येते. 2018 पासून डार्विनला राष्ट्रीय इंडिजिनस टेनिस कार्निव्हल भरू लागला, तोही कोरड्याच हंगामात. मात्र याच महिन्यांत सणही असतात: जूनमध्ये बारुंगा, ऑगस्टमध्ये गार्मा. त्या आठवड्यांत वस्ती रिकामी असते, तेव्हा खेप ठेवू नका. शक्य असेल तर नेट घेऊन सणालाच जा. आणि उद्या तुमची बदली अ‍ॅलिस स्प्रिंग्जला झाली तर हे गणित तिथे लावू नका. दीड हजार किलोमीटर दक्षिणेला फूटी हिवाळ्यातच असते.

फूटीशी भांडूही नका. त्या पोरांची नजर, पाय आणि हात फूटीने आधीच तयार केलेले असतात. उडता चेंडू पळत जाऊन धरायचा, हे ज्याला चौथ्या वर्षापासून येतं त्याला व्हॉली (टप्पा पडण्याआधी मारायचा फटका) शिकवायला वेळ लागत नाही. माझ्या सत्राची पहिली दहा मिनिटं मी फूटीचा बॉल काढून ठेवतो. पोरं लाथा मारतात, हसतात, मोठी पोरं जवळ येतात. तोवर बाजूला रॅकेटी मांडून होतात.

सत्र नेमकं कसं घ्यायचं ते सांगतो, कारण घोडं पेंड खातं ते इथेच. आपल्या मैदानावर ‘सर’ आले की पोरं रांगेत उभी राहतात, दोन फेऱ्या पळतात, मग फोरहँडची सावली करतात. तिथे रांग लावलीत की अर्धी पोरं झाडाखाली जाऊन बसतील. टेनिस कोर्ट असलंच तर त्याला भेगा गेलेल्या असतील आणि नेटचा एक खांब गायब असेल. त्याच्या नादी लागू नका. बहुतेक वस्त्यांत छप्पर असलेलं बास्केटबॉल कोर्ट असतं, पोरं तिथेच असतात आणि सावलीही तिथेच असते. बास्केटबॉल कोर्ट 28 मीटर बाय 15. लाल चेंडूचं (लहान पोरांसाठीच्या मंद चेंडूचं) मिनी कोर्ट साधारण 11 मीटर लांब, साडेपाच रुंद. ती आडवी टाकली की चार आरामात बसतात आणि मागे दोन दोन मीटर जागा राहते. नेट म्हणून दोन कचऱ्याचे डबे आणि त्यांच्यामध्ये ताणलेली पट्टी, उंची 80 सेंटिमीटर. खडूने रेघा. वीस मिनिटांत सोळा पोरं एकाच वेळी खेळताहेत, रांगेत कुणी नाही.

चेंडू लाल रंगाचाच. तो नेहमीच्या पिवळ्यापेक्षा 75 टक्के मंद असतो आणि उसळी कमी घेतो. पिवळा चेंडू सहा वर्षांच्या पोराच्या डोक्यावरून जातो आणि पोराला वाटतं आपल्याला जमत नाही. आंतरराष्ट्रीय फेडरेशनने 2012 पासून दहा वर्षांखालच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू बंदच केलाय, तेव्हा ही काही दुय्यम सोय नव्हे. मोठ्या पोरांनाही पहिले काही आठवडे लाल चेंडूच द्या. नेटकडे पाठ फिरवून पायांमधून मारतील, मारू द्या.

एकाच वेळी चार वर्षांचं आणि सोळा वर्षांचं येणार, आणि बारा वर्षांच्या मुलीच्या कडेवर धाकटं भावंड असणार. वयोगट पाडायला गेलात तर ती मुलगी परत जाईल. धाकट्याला रॅकेटवर चेंडू तोलायला द्या, तिला खेळायला. खेळ असे निवडा की हरलेला बाहेर बसत नाही. जोडीने किती वेळ रॅली चालते ते मोजा आणि आकडा खडूने जमिनीवर लिहून ठेवा. पुढच्या वेळी तुम्ही याल तेव्हा तो आकडा कुणीतरी खोडून वाढवलेला असेल, तर समजा पेटी उघडली गेली. हे तुमच्या कुठल्याही हजेरीपत्रकापेक्षा खात्रीचं आहे.

कुणालाही एकट्याला पुढे बोलावून ‘हा बघा, असा मारायचा फोरहँड’ असं करू नका. वाईट करून दाखवायला तर नाहीच, चांगलं दाखवायलाही नाही. चारचौघांत उठून दिसणं तिथल्या पोरांना फार जड जातं. कौतुक केलेलं पोर दुसऱ्या दिवशी आलं नाही, असं होतं. तुम्हीच चेंडू मारा, तुम्ही शोधलेला तो वस्तीतला चुलतभाऊ मारेल, पोरं बघून उचलतील. बघून उचलण्यात ती फार तेज असतात.

आणि कान. यावर कोचिंगच्या कोर्समध्ये क्वचितच कुणी बोलतं. दुर्गम वस्त्यांतल्या अ‍ॅबोरिजिनल मुलांमध्ये मधल्या कानाच्या संसर्गाचं प्रमाण फार जास्त आहे, आणि त्यातून कमी-जास्त बहिरेपण येतं. एका आठवड्यात ऐकू येतं, दुसऱ्या आठवड्यात नाही. त्यात इंग्रजी ही त्या पोराची दुसरी किंवा तिसरी भाषा. पत्र्याच्या छपराखाली आवाज घुमतो तो वेगळाच. तेव्हा मागून ओरडून सूचना दिलीत आणि पोर वळलं नाही, तर त्याला उनाड ठरवू नका. समोर या, हात वर करा, सगळ्यांचे डोळे तुमच्याकडे आले की करून दाखवा, आणि तीन शब्दांत संपवा. थांबण्यासाठी एक हातखूण ठरवा. शिट्टीपेक्षा ती जास्त चालते.

नात्यांचं प्रकरण तुम्हाला आपल्याकडच्या अनुभवाने लवकर कळेल, पण गृहीत धरू नका. तिथे सगळं गाव एकमेकांचं कुणीतरी असतं आणि प्रत्येक नात्याचे नियम असतात. काही नात्यांत एकमेकांशी थेट बोलत नाहीत, जवळ उभे राहत नाहीत. मोठे होत चाललेले सख्खे-चुलत बहीणभाऊसुद्धा बऱ्याच ठिकाणी अंतर ठेवतात. त्यामुळे मिक्स्ड डबल्सच्या चिठ्ठ्या काढणं हा उद्योग करू नका. जोड्या पोरांना लावू द्या, नाहीतर तुमच्या स्थानिक सहकाऱ्याला. तुम्ही टिकून राहिलात तर एखादं कुटुंब तुम्हालाही नात्यात जागा देईल, आणि मग कदाचित कळेल की समोरची सहा वर्षांची चिमुरडी नात्याने तुमची सासू लागते. हसू येईल, पण तिच्याशी कसं वागायचं ते विचारून घ्या.

परवानगीचे कागद तुमच्या कार्यालयाने केलेच असतील: 1976 च्या जमीन हक्क कायद्याखाली लागणारा प्रवेशाचा परमिट आणि मुलांसोबत काम करण्यासाठीचं ओकर कार्ड. पण कागद झाले म्हणजे परवानगी झाली असं नाही. पहिल्या खेपेत रॅकेट काढूच नका असं माझं मत आहे. शाळेत जा, दुकानासमोर बसा, वडीलधाऱ्यांना भेटा, टेनिस हवंय का ते विचारा. ‘हो’ लगेच आलं तर ते तुम्हाला बरं वाटावं म्हणूनही असू शकतं. ‘बघू’ आलं आणि पुढच्या वेळी कुणी स्वतःहून विषय काढला, तर ते खरं.

वस्तीत कुणी वारलं की सगळं थांबतं. दोन दिवस, कधी दोन आठवडे, कधी जास्त. शाळा ओस पडते, लोक दुसऱ्या वस्तीला जातात. तेव्हा तुमची खेप रद्द करा आणि अहवालात ‘उपस्थिती शून्य’ लिहू नका. तो दिवस मोजायचाच नाही, असं निधी देणाऱ्याशी आधीच लेखी ठरवून घ्या. मेलबर्नच्या कचेरीत बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना हे समजावणं तुमचंच काम. गेलेल्या माणसाचं नाव घेणं, फोटो दाखवणं टाळतात, म्हणून तुमच्या पोस्टरवर, फेसबुकवर कोण आहे याची नोंद ठेवा आणि कुटुंबाने सांगितलं की त्याच दिवशी काढा. फोटोंचं एकूणच प्रमाण कमी ठेवा. लहान पोरांचे फोटो हे निधी मिळवायचं साधन झालंय, मला ते आवडत नाही.

मुलींच्या बाबतीत टेनिसचं नशीब चांगलं आहे. या खेळातली दोन्ही मोठी मूलनिवासी नावं बायकांची. फूटीची महिलांची राष्ट्रीय लीग 2017 साली सुरू झाली. गुलागाँग त्याच्या 46 वर्षं आधी विम्बल्डन जिंकली होती. तरीही तेरा-चौदाव्या वर्षी मुली गळतात. मुलगे कोर्ट व्यापून टाकतात आणि मुली कडेला बसतात. त्यांना वेगळा तास द्या, संध्याकाळचा, आणि तो चालवायला बाई हवी, तुम्ही नव्हे. स्कर्ट, पांढरे बूट असलं काही नको. बास्केटबॉलची चड्डी आणि अनवाणी पाय चालतात.

आता ज्या विषयावर माझं आणि अनेक सहकाऱ्यांचं पटत नाही तो: गुणी पोर दिसलं की काय करायचं? सगळ्यांची पहिली उबळ असते ती त्याला शहरात न्यायची. अकादमी, वसतिगृह, शिष्यवृत्ती. इव्हॉनही लहान वयातच सिडनीला एडवर्ड्सच्या घरी राहायला गेली आणि तिचं भलं झालं. पण तिनेच सांगितलंय की बॅरेलनला असताना रस्त्यावर मोटार दिसली की आई पोरांना लपायला सांगायची, कारण सरकारी माणूस येऊन पोरं उचलून नेईल ही भीती होती. ती भीती खोटी नव्हती. कितीतरी दशकं अ‍ॅबोरिजिनल मुलं घरांतून काढून नेली गेली आणि देशाच्या संसदेने 2008 साली त्याची माफी मागितली. तुम्ही ज्या आजीला ‘पोराला आमच्याबरोबर पाठवा, त्याचं कल्याण होईल’ म्हणणार आहात, तिने हेच वाक्य दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेलं असू शकतं.

म्हणून आधी पोराला हलवू नका, स्पर्धा जवळ आणा. तीन वस्त्यांची आपसात लढत लावा, मग डार्विनचा कार्निव्हल, तिथे मामा-मावशीसह गाडी भरून न्या. एका पोरामागे एक मोठं माणूस, त्याच्या जेवणाखाण्याच्या खर्चासह. एवढं करूनही पोराला आणि घरच्यांना पुढे जायचं असेल तर वाट आहे. इव्हॉनच्या स्वतःच्या फाउंडेशनचा भर बघा: टेनिस हे निमित्त, रोख शाळेवर आणि पुढच्या शिक्षणावर. मला तोच हिशोब पटतो. दोनशे पोरांतून एक व्यावसायिक खेळाडू निघेलच असं नाही. पण चार कोच, दोन क्रीडा अधिकारी आणि शाळा न सोडलेली काही पोरं निघू शकतात.

शहरातल्या पोरांविषयी एकच ओळ, कारण ती तुमच्या कामाबाहेरची आहे: 2021 च्या जनगणनेत मूलनिवासी लोकसंख्या 8,12,728 होती आणि तिचा बराच मोठा भाग शहरांत राहतो, तेव्हा हे सगळं फक्त लाल मातीतलं काम आहे असं समजू नका, डार्विनमधल्या क्लबांची फी आणि तिथल्या बाकांवरच्या नजरा हा वेगळाच विषय आहे.

अंदाजपत्रक. टी-शर्ट, बॅनर, पदकं काढून टाका. सर्वांत मोठी रक्कम पगाराला: प्रत्येक वस्तीत दोन स्थानिक माणसं, एक बाई आणि एक पुरुष, आठवड्याला काही तासांचे रीतसर पैसे. दोन एवढ्यासाठी की एकाच्या घरी काही झालं तरी दुसरा असतो, आणि नात्याच्या नियमांमुळे एक जण सगळ्या पोरांना घेऊ शकत नाही. मानधनाच्या नावाखाली कूपन, टोपी असलं काही नको. त्यांचा पायाभूत कोचिंग कोर्स वस्तीतच, कोर्टवर, तोंडी घ्यायची सोय मागा; डार्विनच्या वर्गात बसून इंग्रजी पेपर लिहायला लावलात तर चांगला माणूस तिथेच गळेल. मग इंधन. मग फळं आणि सँडविच, दर सत्राला, कारण उपाशी पोर खेळत नाही. मग 19 ते 25 इंचांच्या रॅकेटी, महागड्या नकोत, दर वस्तीला तीसेक. चेंडू तुम्हाला वाटतात त्याच्या तिप्पट, कारण अर्धे छपरावर जातात आणि उरलेल्यांतले बरेच वस्तीतली कुत्री फोडतात. आणि एक लोखंडी पेटी, कुलूप आणि तीन किल्ल्या: एक शाळेत, दोन त्या दोघांकडे. तुम्हाला किल्ली लागत नाही. करार किमान तीन वर्षांचा मागा. एक वर्षाचाच मिळत असेल तर तीन वस्त्या घेऊ नका, एकच घ्या, आणि कौन्सिलला उरलेल्या दोन वस्त्यांना तसं आताच स्पष्ट सांगायला लावा.